मन शांत ठेवायचे साधे नियम, अगदी पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

हे मी त्यांच्यासाठी लिहितेय ज्यांनी तत्त्वज्ञान वगैरे कधी हातात धरलेलं नाहीये, वाचायला तेवढा वेळही नाहीये, पण रात्री अंथरुणावर पडलं की डोकं काही केल्या बंद होत नाही आणि कोण काय बोललं, उद्या काय होईल, तेव्हा मी असं का वागले, हे सगळं एकामागोमाग सुरू होतं. मी स्वतः त्यातलीच. गेली आठ-नऊ वर्षं मी मोजक्या नियमांवर चालायचा प्रयत्न करतेय. त्यातले काही लगेच कामाला आले, काही जमायला वर्ष गेलं, आणि मी ज्या क्रमाने शिकले तो क्रम चुकीचा होता असं आता वाटतं म्हणून खाली बदललेला क्रम देतेय.

आधी एक सांगते कारण सुरुवातीला सगळे इथेच फसतात. शांत होणं म्हणजे काहीच न वाटणं नव्हे. राग येणार, वाईट वाटणार, छातीत धडधडणार. प्राचीन ग्रीक लोकांकडे यासाठी अटाराक्सिया असा शब्द होता, त्याचा अर्थ साधारण 'खळबळ नसणं' असा होतो, आणि नवीन माणूस ते ऐकतो आणि दोन दिवसांनी कुणावर तरी चिडतो आणि म्हणतो की जाऊ दे, हे आपलं काम नाही. तसं करू नका. मी एवढंच मोजते की मन हललं तर परत जागेवर यायला किती वेळ लागला. पूर्वी मीटिंगमध्ये कुणी चारचौघांत टोचून बोललं की तीन-तीन दिवस तेच चालायचं, जेवताना, आंघोळ करताना, अर्धवट झोपेत. आता राग तेवढाच येतो, खरंच तेवढाच येतो, पण संध्याकाळपर्यंत उतरतो. माझ्यासाठी शांती म्हणजे हीच.

पायरी १ : आठवडाभर फक्त नोंद करा, सुधारायला जाऊ नका

एक साधी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण मी वहीच सुचवीन, कारण मोबाईल उघडला की आपण लिहायचं सोडून दुसरीकडेच जातो आणि बऱ्याचदा मन जिथे बिघडतं तिथेच जातो.

दिवसातून जेव्हा जेव्हा मन बिघडेल तेव्हा तीन गोष्टी लिहायच्या. किती वाजता, काय झालं, आणि त्या क्षणी मी मनात कुठलं वाक्य म्हटलं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळ्यात अवघड, कारण आपल्याला वाटतं की राग असा थेट येतो, मध्ये वाक्य-बिक्य काही नसतं. असतं. थोडं थांबून ऐकलं तर सापडतं. माझ्या वहीतल्या सुरुवातीच्या नोंदी अशा आहेत : "सकाळी ९:२०, वहिनीने फोन उचलला नाही, मनात : मला टाळतेय." "दुपारी ३, बॉसने माझं काम दुसऱ्याच्या नावावर सांगितलं, मनात : इथे माझं काही खरं नाही." "रात्री ११, मैत्रिणीचे फोटो बघितले, मनात : मीच मागे राहिले."

या आठवड्यात काहीच बदलायचं नाही. चिडायचं असेल तर चिडा, रडायचं असेल तर रडा, फक्त लिहा. आठव्या दिवशी वाचाल तेव्हा दिसेल की तीस-चाळीस नोंदी आहेत पण विषय तीन किंवा चारच आहेत. माझे दोन होते, कुणी मला टाळतंय आणि कुणीतरी माझ्या पुढे गेलंय. बस, बाकी सगळी त्यांचीच वेगवेगळी रूपं. पुढच्या पायऱ्या याच विषयांवर वापरायच्या आहेत, म्हणून ही पायरी गाळून पुढे जाऊ नका, मी गाळली होती आणि वर्षभर हवेत गोळ्या मारत बसले.

पायरी २ : दोन रकाने

आता मुख्य गोष्ट. मला कुणी म्हणालं की एकच नियम दे तर मी हाच देईन.

एपिक्टेटस नावाचा माणूस होता, साधारण इसवी सन ५० च्या सुमाराला गुलामीतच जन्मला, पायाने अधू होता, पुढे मुक्त झाला आणि ग्रीसमधल्या निकोपोलिस गावात शिकवायला लागला. त्याने स्वतः काही लिहून ठेवलं नाही, जे आहे ते त्याच्या एका शिष्याने टिपून ठेवलंय. त्याच्या शिकवणीची सुरुवातच इथून होते की काही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि काही नाहीत. हातात काय, तर आपलं मत, आपण काय करायला निघतो ते, आपण काय हवं-नको म्हणतो ते. हातात नाही काय, तर शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद. बघा, शरीरसुद्धा दुसऱ्या यादीत आहे, आणि हे सांगणारा माणूस अधू पायाचा होता आणि गुलामी बघून आलेला होता, म्हणून मला ते पोकळ वाटत नाही.

ऐकायला हे इतकं सोपं आहे की माणूस मान डोलावतो आणि विसरून जातो. म्हणून ते डोक्यात करायचं नाही, कागदावर करायचं. मी ते खरं शिकले ते बाबांच्या बायोप्सीच्या वेळेला. रिपोर्टला आठ दिवस लागणार असं सांगितलं होतं. पहिले दोन दिवस मी आणि दादा घरात नुसते फिरत होतो, मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या आजाराबद्दल वाचत बसायचे, आणि बाबा आतल्या खोलीतून विचारायचे, "झोपली नाहीस का गं अजून?" तिसऱ्या रात्री मी वहीच्या पानावर मध्यभागी उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं : रिपोर्ट काय येईल, कधी येईल, गाठ कसली आहे, नातेवाईक काय म्हणतील, बाबांना किती भीती वाटतेय. उजवीकडे बराच वेळ काही सुचेना. मग हळूहळू लिहिलं : डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवणं, ऑफिसात सुट्टीचं आधीच सांगून ठेवणं, दादाशी पैशांचं बोलून घेणं, अकरा वाजता झोपणं, संध्याकाळी बाबांबरोबर चालायला जाणं आणि चालताना आजाराचा विषय न काढणं.

डावी बाजू आठ दिवस तशीच राहिली, त्यातली एकही गोष्ट माझ्यामुळे इकडची तिकडे झाली नाही. उजवी बाजू चौथ्या दिवशी सगळी करून झाली होती. भीती गेली का, नाही गेली. पण हातपाय थरथरायचे थांबले आणि बाबांबरोबर सहा संध्याकाळी चालणं झालं, ज्या मी नाहीतर मोबाईलवर वाचण्यात घालवल्या असत्या. (रिपोर्ट चांगला आला. पण तो वाईट आला असता तरी ते पान तेवढंच उपयोगाचं झालं असतं, हे मी मनापासून सांगतेय.)

नवीन लोक इथे कुठे चुकतात ते सांगते. निकाल आपल्या रकान्यात लिहितात. "इंटरव्ह्यूमध्ये सिलेक्ट होणं" हे तुमच्या रकान्यात येत नाही, "चार दिवस रोज एक तास तयारी" हे येतं. स्टोइक लोक, म्हणजे एपिक्टेटस ज्यांच्या परंपरेतला ते, यासाठी तिरंदाजाचं उदाहरण द्यायचे. नीट उभं राहणं, नीट नेम धरणं हे तिरंदाजाचं काम, बाण सुटला की तो लागणं न लागणं त्याच्या हातात उरत नाही. आपल्याकडे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक हेच सांगतो, अधिकार कर्मावर, फळावर नाही, आणि तो सगळ्यांना पाठ असतो. पण आपण तो वापरतो कधी, तर निकाल वाईट लागल्यावर, एकमेकांची समजूत काढायला. माझं मत असं की तो आधी वापरायचा असतो, काम हातात घेतानाच, म्हणजे ताकद कुठे लावायची ते ठरतं.

दुसरी चूक म्हणजे माणसं आपल्या रकान्यात लिहिणं. "नवऱ्याने समजून घेणं" हे तुमचं नाही. "त्याला शांतपणे, शब्द न फिरवता सांगणं" हे तुमचं. फरक छोटा दिसतो पण भांडणं निम्मी याच्यावरच होतात.

आणि तिसरी, हिच्याबद्दल मला फार कळकळ आहे. दोन रकान्यांचा अर्थ अन्याय सहन करत बसणं असा अजिबात नाही. कुणी त्रास देत असेल, हात उगारत असेल, पगार अडवत असेल, तर त्याचं वागणं डावीकडे जाईल पण तक्रार करणं, मदत मागणं, तिथून निघून जाणं हे सगळं उजवीकडे येतं. उजवीकडचं करायचंच असतं. "माझ्या हातात काय आहे" असं खांदे उडवून म्हणायला हा नियम नाही, ते खरंच शोधून काढायला आहे.

पायरी ३ : घटना वेगळी आणि त्यावरचं आपलं वाक्य वेगळं

आता पहिल्या आठवड्यात लिहिलेली ती तिसरी गोष्ट, मनातलं वाक्य, ते बाहेर काढा.

पाली ग्रंथांमध्ये बुद्धाने दिलेला एक दृष्टान्त आहे, दोन बाणांचा. माणसाला एक बाण लागतो, दुखतं. लगेच दुसरा बाण लागतो, पुन्हा दुखतं. पहिला बाण म्हणजे जे झालं त्याचं दुःख, ते शहाण्या माणसालाही चुकत नाही. दुसरा बाण म्हणजे त्या दुःखावर आपण जो आक्रोश करतो, माझ्याच नशिबी का, आता संपलं सगळं, ते. एपिक्टेटसनेही दुसऱ्या टोकाला बसून जवळपास हेच सांगितलं होतं, की माणसाला गोष्टी अस्वस्थ करत नाहीत, गोष्टींबद्दल तो जे ठरवतो ते करतं. आणि ही काही फक्त जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यायची नाही, विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांनी विचार तपासून उपचार करायची जी पद्धत उभी केली तिच्यामागे हीच कल्पना आहे, एलिसने तर एपिक्टेटसचं नाव घेऊन तसं मान्य केलं होतं.

करायचं कसं? मी स्वतःला विचारते, तिथे कॅमेरा असता तर त्याला काय दिसलं असतं? फक्त तेवढंच लिहायचं.

उदाहरण माझंच. एका जवळच्या मैत्रिणीला दुपारी चारला मेसेज केला, जरा मनातला होता. निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला. नऊ वाजले तरी उत्तर नाही. मी दर दहा मिनिटांनी बघतेय, ती ऑनलाइन दिसतेय, जातेय, परत दिसतेय. माझ्या डोक्यात तोवर पूर्ण गोष्ट तयार झाली होती, तिला आता माझी गरज नाही, नवीन ग्रुप मिळाला, मी मूर्ख म्हणून एवढं मनातलं लिहिलं. मग वही घेतली. कॅमेऱ्याला काय दिसलं : चार वाजता मेसेज गेला, वाचला गेला, नऊपर्यंत उत्तर नाही. इतकंच. दीड ओळ. बाकी अख्खं पान माझं लिखाण होतं. दुसऱ्या दिवशी तिचं लांबलचक उत्तर आलं, तिला घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. पण समजा आलंच नसतं, तरी ती दीड ओळच खरी राहिली असती, आणि दीड ओळीचं दुःख पेलता येतं.

वाक्य वेगळं काढल्यावर ते खोटंच आहे असं ठरवू नका. कधीकधी खरं असतं, समोरचा खरंच टाळत असतो. तेव्हा परत पायरी २ वर जायचं, रेघ ओढायची. आणि पहिल्या बाणाशी भांडू नका. माणूस गेलं, नातं तुटलं, तर रडू येणं हे चुकलेलं वाक्य नाहीये. तिथे "मी असा विचार का करतेय" असं स्वतःला टोकत राहणं हाच दुसरा बाण होतो. मला हे कळायला उशीर झाला, आजी गेली तेव्हा मी शांत राहायचं म्हणून रडलेच नाही आणि मग चार महिन्यांनी एका बसमध्ये, काहीही कारण नसताना, बांध फुटला.

पायरी ४ : काय हवंय त्याची छाननी

ही पायरी छोटी आहे. एपिक्युरस हा इसवी सन पूर्व ३४१ ते २७० मधला, अथेन्सला एका बागेत मित्रमंडळींबरोबर राहायचा आणि शिकवायचा. त्याचं नाव लोक चैनीशी जोडतात पण तो फार साधं जगायचा. त्याने इच्छांचे तीन गट केले होते. नैसर्गिक आणि गरजेच्या, जसं अन्न, निवारा, मैत्री. नैसर्गिक पण गरजेच्या नसलेल्या, जसं रोज भारीतलंच खायचं. आणि तिसऱ्या ना नैसर्गिक ना गरजेच्या, जसं प्रसिद्धी, सत्ता, अमाप पैसा. यातली कळीची गोष्ट म्हणजे पहिल्या गटाला हद्द असते. पोट भरतं. तिसऱ्याचं भरतच नाही, कितीही मिळालं तरी अजून एक पायरी वर दिसत राहते.

वहीच्या मागच्या पानापासून एक यादी सुरू करा. काहीतरी घ्यावंसं, मिळवावंसं खूप वाटलं की ते तारखेसकट लिहायचं आणि महिनाभर त्याबद्दल काही करायचं नाही (पहिल्या गटातलं सोडून, औषध किंवा गळकं छप्पर महिनाभर थांबवू नका). महिन्याने वाचायचं. माझ्या यादीतलं निम्म्याहून जास्त मी स्वतःच खोडलं, दुःख न होता. जे उरलं ते खरंच हवं होतं, ते मग मजेत घेतलं. कसलीच इच्छा ठेवू नये असं माझं म्हणणं नाही, मला आवडतात छान गोष्टी.

पायरी ५ : माणसांसाठी चार वाटा

शांत बसलेल्या माणसाचं मन बिघडवतात ती बहुतेक माणसंच. पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात तेहेतिसावं सूत्र आहे, त्यात चित्त प्रसन्न ठेवण्यासाठी चार प्रकारच्या माणसांशी चार प्रकारे वागायला सांगितलंय. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा. मला हे आवडतं कारण सगळ्यांवर सारखंच प्रेम करा असलं अशक्य काही ते सांगत नाही.

आपण करतो नेमकं उलटं. सुखी माणूस दिसला की पोटात दुखतं. चांगलं वागणारा दिसला की म्हणतो काहीतरी स्वार्थ असेल. वाईट वागणाऱ्याला मात्र रात्रंदिवस डोक्यात जागा देतो, फुकट.

इथे एका शब्दाची गफलत सोडवायला हवी. बोलण्यात आपण उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, तुच्छ लेखणं, असा अर्थ घेतो. सूत्रातली उपेक्षा तशी नाही. तिच्या मुळात 'जवळून बघणं' आहे, म्हणजे बघायचं, समजायचं, पण त्यात ओढलं जायचं नाही. नातेवाइकांमध्ये एक व्यक्ती आहे, भेटली की माझ्या नोकरीवरून, वयावरून काहीतरी लावून बोलणारच. मी आधी उलट बोलायचे, मग बोलणंच टाकलं, दोन्हींनी माझंच डोकं तापायचं. आता मी ऐकते, "हो, बरोबर, तुम्हाला तसं वाटतं" म्हणते आणि मुलांमध्ये जाऊन बसते. तिच्याबद्दल मनात खुन्नस धरत नाही आणि तिला बदलायचा विडाही उचलत नाही.

सगळ्यात अवघड मला मैत्री वाटली, सुखी माणसाशी. माझ्याबरोबर नोकरीला लागलेली एक जण माझ्या आधी वर गेली. मी अभिनंदन केलं पण ते ओठांपुरतं. मग मी ठरवलं की तिला तिच्या कामाबद्दल एक खरा प्रश्न विचारायचा, जो मला खरंच माहीत करून घ्यायचाय. विचारला, तिने पाऊण तास मनापासून सांगितलं, त्यात तिने काय काय सोसलं तेही कळलं. त्या दिवसानंतर तिचं नाव वहीत आलं नाही. एवढंच करा, ज्याचा हेवा वाटतो त्याला एक खरा प्रश्न विचारा.

पायरी ६ : रात्रीची पाच मिनिटं

रोमन तत्त्वज्ञ सेनेका रोज रात्री दिवसाची उलटतपासणी घ्यायचा. दिवा गेला, बायको गप्प झाली, तिला त्याची सवय माहीत होती, की हा अख्खा दिवस डोळ्यांपुढून घालायचा आणि स्वतःपासून काही लपवायचा नाही. ही पद्धत त्याने सेक्स्टियस नावाच्या दुसऱ्या एकाकडून घेतली होती. आणि चूक सापडली की स्वतःला सांगायचा, पुन्हा करू नकोस, या वेळी माफ केलं. शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. माफी नसेल तर ही पाच मिनिटं म्हणजे रोजची शिक्षा होते आणि आठवड्यात बंद पडते.

मी तीन प्रश्न ठेवलेत. आज कुठे घसरले? कुठे घसरणार होते पण सावरलं? उद्या एक गोष्ट काय वेगळी करेन? प्रत्येकाला एक ओळ. दुसरा प्रश्न गाळू नका, सावरलेल्या जागा आपल्याला दिसतच नाहीत आणि मग वाटतं काहीच प्रगती नाही.

पायरी ७ : स्वतःच्या शब्दांत स्वतःचे नियम

महिनाभर हे केल्यावर, त्याआधी नाही, स्वतःचे नियम लिहा. पाचाच्या वर नकोत. अट एक, नियम एका श्वासात म्हणता आला पाहिजे, कारण तो लागणार आहे तो भांडणाच्या मध्यावर, तेव्हा परिच्छेद आठवत नाही. अट दोन, त्यात करायची गोष्ट असली पाहिजे. "शांत राहा" हा नियम नाही, ती नुसती इच्छा झाली. माझे चार आहेत :

रेघ ओढ.
कॅमेऱ्याला काय दिसलं?
उत्तर सकाळी दे.
बसून ऐक, ओढली जाऊ नकोस.

तिसरा मेसेज आणि ईमेलसाठी आहे, रागात लिहिलेलं काहीही मी रात्री पाठवत नाही, ड्राफ्टमध्ये ठेवते. सकाळी दहातले आठ पाठवावेसेच वाटत नाहीत. तुमचे नियम वेगळे असतील, माझे उचलू नका, उसने शब्द ऐन वेळेला तोंडात येत नाहीत.

मार्कस ऑरेलियस हा इसवी सन १६१ ते १८० रोमचा सम्राट होता, त्याने स्वतःपुरती टिपणं लिहून ठेवली, त्यातली काही लढाईच्या मोहिमेवर असताना लिहिलेली आहेत. ती वाचली तर जाणवतं की माणूस तेच तेच परत सांगतोय स्वतःला, मरण येणार आहे, लोक असेच असतात, तू तुझं काम कर. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राजाला तेच वाक्य परत परत लिहावं लागलं. तुम्हाला लागलं तर त्यात चुकलं काय?

प्रॅक्टिस लहान गोष्टींवर करा. हळू चालणारं नेट, लांब रांग, पेन सापडत नाहीये, कुणीतरी मध्येच बोलणं तोडलं, अशा वेळी नियम म्हणून बघा. पोहायला कुणी पुरात शिकत नाही. मोठं संकट येईल तेव्हा जे हाताशी असेल तेच वापरलं जाईल.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते यावर जाऊ नका. लंडनमध्ये ९६ लोकांवर झालेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या एका अभ्यासात नवी सवय आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातच हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. म्हणून वही चार दिवस राहिली तर पाचव्या दिवशी तारीख टाकून सुरू करा, मागचे दिवस भरत बसू नका.

हे कुठे पुरत नाही

दोन-तीन आठवडे सलग झोप नाही, भूक नाही, कशातच जीव रमत नाही, जगून काय करायचं असे विचार येतायत, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा, शेवटचं असेल तर आजच जा आणि घरात कुणाला तरी आत्ताच सांगा. ताप आल्यावर आपण नियम म्हणत बसत नाही, तसंच हे. मी स्वतः एकदा सहा महिने औषध घेतलंय आणि त्या काळात हे नियम मला अजिबात जमत नव्हते, बरं वाटायला लागल्यावरच परत जमले. उपचार आणि नियम एकमेकांच्या आड येत नाहीत.

क्रम परत सांगते कारण लोक सगळं एकदम सुरू करतात. पहिला आठवडा नुसत्या नोंदी. दुसरा आणि तिसरा फक्त दोन रकाने, हा वेळ कमी करू नका. चौथा कॅमेरावाला प्रश्न, त्याच्याबरोबर रात्रीची पाच मिनिटं. इच्छांची यादी आणि माणसांचं दुसऱ्या महिन्यात, आपले नियम तेव्हाच हळूहळू लिहायचे.

आणि वही टाकून देऊ नका. तीन महिन्यांनी पहिली पानं काढून वाचा. मी वाचली तेव्हा एका पानावर मोठ्या अक्षरात, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं होतं, "स. चं हे मी कधीच विसरणार नाही." मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. शेवटी दादाला विचारलं, "अरे, हा स. कोण?" त्यालाही आठवेना.